कंसातली नोंद

दहा मिनिटांची पाळी असते आमची.
वही, दोन पेन्सिली, आणि समोर जो बोलेल तो.
म्हणून झाडू मरसकोल्हे मला
दहा-दहा मिनिटांचाच ठाऊक आहे.
मधला माणूस दुसऱ्यांच्या वह्यांत.

पहिल्या डिसेंबरात नाव पुकारलं
तेव्हा मागच्या बाकांवर हसू फुटलं.
तो उभा राहिला. सदरा नवा, दुकानातल्या घड्या तशाच.
म्हणाला, "माह्या आधीचे दोघं जगले नाही, अध्यक्ष महाराज.
तिसऱ्याकडे मरणानं पाहू नये
म्हणून मायनं हे नाव ठेवलं.
हासून घ्या. मग प्रश्न विचारतो."
मी सगळं लिहिलं. हशा कंसात लिहिला.

प्रश्न आश्रमशाळेचा होता.
सातवीतली मुलगी, जमिनीवरची झोप, मण्यार,
अठ्ठावीस किलोमीटरवरचा दवाखाना,
तिथे कुलूप.
उत्तर आलं : माहिती घेण्यात येत आहे.
या वाक्याला माझ्या लिपीत
एक आखूड रेघ पुरते,
इतकं ते आमच्या हातात बसलेलं.

आमदार निवासात त्याच्या खोलीत
चौदा माणसं निजायची, तो गॅलरीत.
पहाटे थंडीत पायी महालात जायचा,
गोंड राजाच्या किल्ल्याच्या दारापाशी
उगाच उभा राहायचा.
"घर पाहून आलो," म्हणायचा चहावाल्याला.
आणि नऊ वाजता विधानभवनाच्या फाटकावर
नवा शिपाई त्याला हटकून अडवायचा :
पास कुठे आहे?

दुसऱ्या खेपेला बांबू, तेंदूपत्त्याचा बोनस, बोगस दाखले.
कामकाजातून दोनदा काढून टाकलेले शब्द.
तिसऱ्या खेपेला पक्ष बदलला.
जाकीट आलं, गाडी आली,
राज्यमंत्रिपद आलं, अकरा महिन्यांचं.
शिपाई सलाम ठोकायला लागले.
पहाटे तो महालात जाताना कुणाला दिसेना.

आणि एका दुपारी, नेमकी माझ्याच पाळीत,
समोरच्या बाकावरून एका नव्या पोरानं विचारलं
आश्रमशाळेचं.
मुलगी दुसरी. साप तोच.
मागच्या कक्षातून चिठ्ठी आली.
चष्मा शोधायला त्यानं फार वेळ लावला.
"माहिती घेण्यात येत आहे."
माझी रेघ ओढून झालीच होती.

पण तो खाली बसला नाही.
गोंडीत बोलला काहीतरी, एकच वाक्य,
कुणाकडे न बघता.
मी याच शहरात जन्मले,
शहर वसवणाऱ्या राजाचं नाव शाळेत पाठ केलं,
त्याच्या बोलीसाठी माझ्याकडे
एक खूणसुद्धा नव्हती.
लिहिलं : (माननीय राज्यमंत्री काही बोलले.)
घंटा झाली. माझ्या जागी कुलकर्णी येऊन बसले.

पुढची निवडणूक तो चार हजारांनी पडला,
त्यापुढची अनामतीसकट.

मागच्या हिवाळ्यात, मी निवृत्त झाल्यावर,
मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटला ऑटो अडकला.
बांबूच्या कठड्यांपलीकडे मोर्चा बसलेला.
पिवळे फेटे, आणि त्यांच्यात तो,
गुडघ्याला पट्टा, संत्र सोलत.
मी उतरले. जोहार म्हटलं.
विचारलं, वीस वर्षांपूर्वीचं तुमचं एक वाक्य
माझ्याकडे कंसात राहिलंय.

त्यानं मला ओळखलं नाही. वाक्यही आठवेना.
"असन काही, बाई. शिवी असन.
नाही तं त्या पोरीचं नाव असन."
अर्धं संत्र माझ्या हातावर ठेवलं.
मग शेजारच्या पोराला
पोलिसांच्या कठड्यावर बोटानं टकटक करून दाखवलं :
"हा आपल्या जंगलातला होय.
पाह्य, कांड्या किती लांब."

मी पिशवीत हात घातला.
पेन्सिल नव्हती.